बापूस नावाची डिरेक्टरी

वागळे इस्टेटमधल्या त्या गाळ्यात सगळीकडे ग्रीसचा वास यायचा, फक्त आतल्या काचेच्या खोलीत यायचा नाही. तिथे एसी होता, खाली गालिचा होता आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. कंपनीचं वर्कस्टेशन, म्हणजे ड्रॉइंग काढायचा मोठा कॉम्प्युटर, त्या खोलीत होतं. सुधीर प्रधानांनी ते ब्याण्णव साली घेतलं तेव्हा त्याला हार घातला होता. नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडला होता, पाणी आत उडू नये म्हणून.

प्रधानांची कंपनी साच्यांची ड्रॉइंग काढून द्यायची. प्लास्टिकची बादली, टॉर्चची नळी, मिक्सरचं झाकण, काहीही करायचं तर आधी साचा लागतो आणि साच्याच्या आधी ड्रॉइंग. पूर्वी हे सगळं बोर्डावर पेन्सिलीने होत असे. मशीन आल्यावर ते पडद्यावर होऊ लागलं, आणि मशीनचं सगळं काही नीला शिरसाटकडे आलं. नीला वर्तकनगरची. तिथल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून तिने डिप्लोमा केला होता, मग कॉम्प्युटरचा कोर्स. मशीन कधी सुरू करायचं, कधी बंद करायचं, रोजचं काम टेपवर कसं उतरवून ठेवायचं, कुणाची फाइल कुठे हरवली, हे सगळं तीच बघायची.

बोर्डावरचे जुने ड्राफ्ट्समन मशीन आल्यावर एकेक करून निघून गेले. राहिले ते परशुराम वैती. बाळकुमच्या कोळीवाड्यातले, पन्नाशी ओलांडलेले, कानावर कायम पेन्सिल. प्रधानसाहेबांनी त्यांना सांगितलं होतं, "वैती, नाही जमलं तरी चालेल, तुम्ही बोर्डावरच काढा." ते ऐकून परशुराम दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत येऊन नीलाच्या शेजारी बसले ते उठलेच नाहीत.

शिकणं सोपं नव्हतं. बोर्डावर रेघ खोडली की रबराचा चुरा फुंकून टाकायची त्यांना सवय. मशीनवर रेघ पुसली की ते पडद्यावर जोरात फुंकर मारायचे. नीला हसायची. तेही हसायचे आणि पुढच्या रेघेला पुन्हा फुंकायचे. चुकलं की स्वतःवर चिडत, पण राग काढायचा नीलावर. चिडले की ते तिला "शिरसाटबाई" म्हणत. एरवी "बाय". नीला त्यांना काका म्हणायची आणि दिवसातून एकदा तरी शिरसाटबाई व्हायची.

पण वर्षभरात परशुरामांचा हात असा बसला, की अवघड गोलाईचं काम आलं की प्रधानसाहेब त्यांनाच देत. आणि मग जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक नवीनच काम काढलं.

"बाय, मला एक कप्पा करून दे. माझा वेगळा."

"डिरेक्टरी? कशाला, काका?"

"होडी काढायची आहे. आमच्या बापाची."

नीलाने डिरेक्टरी करून दिली. नाव काय देऊ म्हणून विचारलं तर म्हणाले, "बापूस." तिने इंग्रजी अक्षरांत ते टाईप केलं.

परशुरामांच्या वडिलांची होडी खाडीत चालायची तेव्हा खाडीत मासे होते. पुढे पाणी काळं पडलं, जाळ्यात प्लास्टिकच जास्त यायला लागलं. वडील गेले. थोरला भाऊ भिवा काही वर्षं होडी चालवत राहिला, मग त्यानेही सोडलं. होडी बंदरावर चिखलात उभी राहून कुजली. एके दिवशी परशुराम कामावरून घरी आले तर होडी जागेवर नव्हती. भिवाने ती फोडून लाकडं जळणाला दिली होती. परशुराम त्यावर काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. दोघे भाऊ शेजारी शेजारी राहत होते, एकमेकांच्या घरात जेवत होते, पण होडीचा विषय कधी निघाला नाही.

दोन वर्षं परशुराम डबा लवकर संपवून मशीनसमोर बसत होते. कधी नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, कधी सुकाणू, कधी डोलकाठी. प्रत्येक भागाची त्यांनी वेगळी फाइल केली होती. ड्रॉइंग कागदावर उतरवणाऱ्या प्लॉटरवर मात्र त्यांनी ती कधी काढली नाहीत. "प्लॉटरचा कागद कंपनीचा आहे," म्हणायचे. टेपवरही ते उतरवू देत नसत.

"काका, रोज सगळंच उतरतं. त्यात हे पण जाईल."

"नको. टेप कंपनीच्या कामासाठी आहे. माझं खासगी काम त्यात नको."

नीलाने दोन-तीनदा समजावलं. शेवटी शिरसाटबाई होण्याची वेळ आली तेव्हा तिने बापूस डिरेक्टरी बॅकअपमधून वगळली.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात एका दुपारी नाक्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. आवाज इतका मोठा झाला, की समोरच्या गाळ्यातले कामगार रस्त्यावर आले. दिवे एकदा भक्कन मोठे झाले आणि गेले. मशीनच्या यूपीएसने एक शिट्टी मारली आणि तोही गेला. संध्याकाळी वीज आली. नीलाने मशीन चालू केलं तर ते नेहमीसारखं वर आलंच नाही. काळ्या पडद्यावर ते आपली स्वतःची तपासणी करत बसलं आणि एकेक प्रश्न विचारायला लागलं. अमुक फाइलचा पत्ता लागत नाही, काढून टाकू? तमुक फाइलचे तुकडे दुसरीकडे सापडलेत, जोडू? प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही सांगायचं.

नीला घाबरली नाही. हे असं होतं हे तिला पुस्तकातून माहीत होतं. ती वाचून वाचून उत्तरं देत गेली. बरीचशी बिघडलेली ड्रॉइंग टेपवर होती, त्यामुळे ती बिनधास्त काढून टाकता येत होती. मग पडद्यावर बापूस हे नाव आलं. डिरेक्टरी खराब आहे, काढून टाकू?

तिचा हात थांबला. तिने नाही म्हटलं.

मशीन कसंबसं सुरू झालं. पण दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की त्या डिरेक्टरीला हात लावला की मशीन जागच्या जागी थिजतं. नुसती आतली यादी मागितली तरी. बॅकअप घ्यायला गेलं की टेप अर्ध्यावर फिरून थांबे. बापूस वगळलेली असली तरी बॅकअप पूर्ण डिस्क चाळूनच पुढे जाई आणि तिथे अडकून पडे. आणि कळव्याच्या एका कंपनीचं मोठं काम त्याच आठवड्यात द्यायचं होतं.

परशुराम त्या दिवशी बाहेरच्या हॉलमध्ये बोर्डावर काम करत होते. नीला त्यांच्याकडे गेली.

"काका, बापूस गेलीय बहुतेक."

"गेलीय म्हणजे?"

"नाव दिसतंय. आत जाता येत नाही."

परशुरामांनी पेन्सिल बोर्डावर ठेवली. "टेपवर नाही ना?"

"नाही."

"मीच नको म्हटलेलं," ते म्हणाले. मग पेन्सिल पुन्हा कानावर ठेवत, "तू नको तोंड पाडून बसू. तुझं काय त्यात."

पण नीलाला राहवेना. तिने डोंबिवलीला चंदू सामंतला फोन लावला. चंदू अशा मशीनची दुरुस्ती करत फिरायचा. तिच्याच कोर्सचा, तिच्या आधीच्या बॅचचा. गुरुवारी सकाळी तो आला, गालिच्यावर मांडी घालून बसला आणि दुपारपर्यंत खटपट करत राहिला. डिस्कवर सरळ हात घालून त्याने एका फाइलचे काही तुकडे बाहेर काढले. ते त्याने ड्रॉइंगच्या प्रोग्राममध्ये उघडले.

"वैतीकाका, बघा बरं."

पडद्यावर एक गोलाई दिसली. छान, मऊ गोलाई, होडीच्या पोटाची. ती निम्म्यापर्यंत गेली आणि तिथून सगळ्या रेघा एकदम वरच्या कोपऱ्यात धावल्या, जाळं ओढून एका बिंदूत बांधल्यासारख्या. त्यापुढे नुसती चौकोनी चिन्हं.

परशुराम पडद्याजवळ वाकले. "हे माझं नाही," म्हणाले.

"तुमचंच आहे काका, फक्त पुढचं..."

"कळलं रे. काढून टाका."

चंदूने नीलाकडे बघितलं. नीलाने परशुरामांकडे.

"बाकीचं पण बघू या ना, काका. एखादी फाइल मिळेल."

"बाय, कळव्याचं काम अडलंय. प्रधानसाहेब दोनदा येऊन बघून गेले, बोलले काही नाहीत. एका डिरेक्टरीपायी सगळं ऑफिस बसवून ठेवायचं का?" त्यांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्या शेजारी बसले. "मी बसतो इथे. तू काढ."

साध्या कमांडने ती जाईना. आधी मशीन म्हणालं, डिरेक्टरी रिकामी नाही. रिकामी करायला गेलं तर म्हणालं, अशी फाइलच नाही. चंदू वैतागून हसला. शेवटी नीलाने मशीन पुन्हा तपासणीवर टाकलं, जिथे ते एकेका फाइलचं विचारतं. आणि ते विचारायला लागलं.

"नाळ," नीलाने वाचलं. "काढून टाकू का म्हणतंय."

"हो," परशुराम म्हणाले.

तिने होसाठी वायचं बटण दाबलं.

"सुकाणू."

"हो."

"डोल."

"हो."

"तळ. यात दोन आहेत. तळ एक आणि तळ दोन."

"दोन चुकलेला होता. तो तर मी आधीच काढायला पाहिजे होता." "हो. दोन्ही."

अशी एकेक फाइल गेली. नीलाचे डोळे पडद्यावर होते, पण अक्षरं पुसट दिसायला लागली तेव्हा ती थांबली. चंदू उठून उगाचच केबल बघायला मशीनच्या मागे गेला. शेवटी मशीनने डिरेक्टरीचंच विचारलं. परशुरामांनी होकाराची मान हलवली. नीलाने वाय दाबलं.

त्यानंतर मशीन सुरळीत सुरू झालं. बॅकअपची टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता फिरली.

"सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस," परशुराम नीलाला म्हणाले. "चल, चहा घेऊ. चंदू, तू पण चल. मागे काय शोधतोयस?"

प्रधानसाहेबांना संध्याकाळी कळलं. ते परशुरामांच्या बोर्डापाशी येऊन उभे राहिले. "वैती, मला एकदा तरी सांगायचं होतं. अहो, एका टेपवर केवढं मावतं!" परशुराम म्हणाले, "असू द्या साहेब." प्रधानसाहेब बोर्डावरची पट्टी सरळ करून निघून गेले.

शुक्रवारी वागळे इस्टेटला सुट्टी. नीला घरी कपडे वाळत घालत होती, पण मन लागत नव्हतं. तिच्या आईने, शांताबाईंनी, विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"मग जाऊन ये ना त्यांच्याकडे," शांताबाई म्हणाल्या. "कैरीचं लोणचं घातलंय, बरणी घेऊन जा."

बाळकुमला नीला पहिल्यांदाच आली होती. परशुरामांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, तिला दारातच ओळखलं. "तू नीला ना गं? यांच्या तोंडी रोज तुझं नाव. ये, बस." घरात थोरला भाऊ भिवाही आला होता. काळासावळा, रुंद खांद्यांचा, परशुरामांपेक्षा हातभर उंच. तो पंख्याखाली बसून कोलंबी सोलत होता.

गप्पा सुरू झाल्या आणि नीलाच्या तोंडून निघून गेलं, "काका, होडीचं मला फार वाईट वाटलं."

भिवाचा हात थांबला. "कंची होरी?"

परशुराम जमिनीकडे बघत होते. मग नीलानेच घाबरत घाबरत सांगितलं. मशीन, बापूस, दोन वर्षं, ट्रान्सफॉर्मर, सगळं.

भिवाने कोलंबीचं पातेलं बाजूला सारलं. "दोन वरसं तू आपली होरी काराय लागलेलास? आनी मना सांगलंस न्हाय?"

"तुला काय सांगायचं," परशुराम म्हणाले. "तूच तर फोडलीस."

हे वाक्य इतक्या वर्षांनी बाहेर पडलं. नीलाला वाटलं, आपण आलोच नसतो तर बरं झालं असतं.

भिवा रागावला नाही. हात लुंगीला पुसत म्हणाला, "फोरली. एकट्यानं फोरली. तू कामावर व्हतास. घनाचा पयला घाव घातला न् मंग मी भायेर येऊन बसलो. मना जमंना. परत गेलो. दिस मावलंपरत एकलाच व्हतो." तो परशुरामांकडे बघत होता. "पोरांचे पाय फुटायचे तिच्यावर चढून. सगली कुजलेली. ठेवून काय केला असता?"

"मला बोलवायचंस."

"तू आला असतास तर फोरू दिली असतीस?"

मंजुळाबाई आत जाऊन पाणी घेऊन आल्या आणि सगळ्यांना दिलं, कुणी मागितलं नव्हतं तरी.

थोड्या वेळाने भिवानेच विचारलं, "कशी कारली व्हती? सांग तरी."

परशुराम सुरुवातीला तुटक तुटक सांगायला लागले, मग नेहमीसारखे रंगले. उजवी बाजू आधी पूर्ण काढली. मग मशीनला सांगितलं, की हीच उलटी करून डावीकडे बसव. आरशात दिसते तशी. मशीन एका झटक्यात करून देतं.

"मंग ती आपली होरी न्हाय," भिवा म्हणाला.

"म्हणजे?"

"आपली डावी बाजू कुठं उजवीसारकी व्हती? फुगलेली व्हती. कशेलीच्या पुलाला धरक बसली तवा बाबाने नवीन फली घातली. वल्ली फली. ती वाकली ती वाकली."

"काही फुगलेली नव्हती. बाबा असं वाकडं काम ठेवणारा नव्हता."

"तू पोरगा व्हतास. तुला काय ठाव?"

"फुगलेली होती," मंजुळाबाई म्हणाल्या. दोघे भाऊ त्यांच्याकडे बघायला लागले. "मी लग्नात काल्हेरवरून त्याच होडीतून आलेले. मला डाव्या बाजूला बसवलेलं. होडी त्याच बाजूला कलायची. पाणी आत आलं आणि माझा शालू भिजला. सासूबाई म्हणाल्या, उजवीकडे सरक. मी लाजून सरकलेच नाही. तुम्ही समोर बसलेले, तुम्हाला आठवत नाही?"

परशुराम एकदम हसायला लागले. "शालू भिजलेला आठवतंय. मला वाटलेलं रडून भिजलाय."

भिवा इतका जोरात हसला, की शेजारची माणसं दारात आली.

नीलाने लोणच्याची बरणी अजून पिशवीतून काढलीच नव्हती. ती काढता काढता म्हणाली, "काका, मग या वेळी दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढू या. आरसा नको."

"या वेळी म्हणजे?"

"म्हणजे परत काढायचीच ना?"

परशुराम भिवाकडे बघत म्हणाले, "मापं कुठली आणणार? मी माझ्या अंदाजाने घातलेली. त्यात ही फळी."

"मापा माज्याकरे हायत," भिवा म्हणाला.

त्याची मापं अंगाची होती हे नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात तो इस्टेटमध्ये आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात मंजुळाबाईंनी दिलेला डबा. चपला दाराबाहेर काढायला लावल्या त्याचं त्याला कौतुक वाटलं. एसीत बसून थोड्याच वेळात तो कुडकुडायला लागला. नीलाने खिडकीवरचा पडदा काढून त्याच्या खांद्यावर घातला.

"रुंदी सांग," परशुराम म्हणाले.

भिवाने दोन्ही हात पसरले. "येवरी. न् वर एक इत."

"मिलिमीटरमध्ये सांग."

"ते तू बग ना. शिकलेला तू हायेस."

नीलाने स्टीलची टेप आणली आणि भिवाचे पसरलेले हात मोजले. वर एक वीत मोजली. परशुरामांनी आकडा घातला. मग लांबीचं आलं. भिवा म्हणाला, बाबा बसायचा तिथे डोकं ठेवून मी निजलो, की माझे पाय नाळेला लागायचे, मात्र मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. त्यावर दोघा भावांमध्ये वाद झाला, की सोळाव्या वर्षी भिवा किती उंच होता. शेवटी भिवा गालिच्यावर आडवा झाला, गुडघे जरासे दुमडले आणि म्हणाला, "हां, आता येवराच व्हतो."

नीला टेप धरून त्याच्या पायाशी बसलेली, परशुराम डोक्याशी, आणि त्याच वेळी प्रधानसाहेब दार उघडून आत आले. त्यांच्या मागे भिवंडीचं एक गिऱ्हाईक होतं.

"वैती, हे कोण?"

"माझा भाऊ, साहेब."

"यांना बरं वाटत नाही का?"

"नाही साहेब, माप देतोय."

प्रधानसाहेबांनी पडद्यात गुंडाळलेल्या भिवाकडे बघितलं, मग मशीनच्या पडद्याकडे. तिथे होडीच्या पोटाची पहिली रेघ आली होती. ती कशाची आहे हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. "एसी जरा कमी कर, नीला," ते म्हणाले. "गारठलेत ते." आणि गिऱ्हाइकाला घेऊन बाहेर गेले. काच बंद होताना त्यांचा आवाज आला, "आमचे सीनियर डिझायनर आहेत. काम करताना त्यांना मध्ये बोललेलं चालत नाही."

पुढचे काही आठवडे भिवा येत राहिला. डाव्या फळीपाशी सगळ्यात जास्त वेळ गेला. तो फुगवटा पडद्यावर कसा आणायचा हे परशुरामांना जमेना. ती त्यांची सगळ्यात पक्की गोष्ट होती, गोलाई, पण वाकडी गोलाई त्यांच्या हाताला यायची नाही. ते ती नकळत सरळ करून टाकायचे. भिवा मागून ओरडायचा, "परत सुदारलीस तू!" परशुराम चिडून म्हणायचे, "शिरसाटबाई, याला बाहेर बसवा." आणि नीला दोघांनाही बाहेर चहाला पाठवायची.

एकदा दोघे चहाला गेले असताना तिने स्वतःच प्रयत्न करून बघितला. फळीचे दोन बिंदू थोडे बाहेर ओढले. भिवा परत आला आणि पडद्यापाशी वाकला. मग त्याने बोट पडद्याच्या काचेवर टेकवलं, जिथे फुगवटा होता तिथे, आणि ते तो हळूहळू फळीवरून नाळेपर्यंत नेत राहिला. काचेवर तेलाचा डाग पडला. नीलाला काचेला हात लावलेला चालत नसे, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

"हां," भिवा म्हणाला. "हितंच पानी आत यायचा."

परशुरामांनी नीलाला विचारलं, "कुठले बिंदू ओढलेस?" तिने दाखवलं. त्यांनी बघून ठेवलं आणि पुढचा भाग काढायला घेतला.

टेपचं या वेळी कुणी विचारलंच नाही. प्रधानसाहेबांनी नीलाला सांगून ठेवलं होतं, की ती डिरेक्टरी रोज टेपवर गेली पाहिजे, आणि शनिवारी दुसरी प्रत काढून माझ्या घरी. परशुरामांना हे कळलं तेव्हा ते साहेबांच्या केबिनपर्यंत जाऊन परत आले. आत गेले नाहीत.

गणपतीच्या आधी होडी पूर्ण झाली. प्रधानसाहेबांनी स्वतः प्लॉटरला मोठा कागद लावला. पेन इकडून तिकडे फिरत होतं आणि सगळं ऑफिस बाहेर काचेला नाक लावून उभं होतं. कागद निघाला तेव्हा परशुरामांनी तो भिवाच्या हातात दिला. भिवाने तो हात लांब करून धरला, मग जवळ आणला, मग खिडकीच्या उजेडाकडे नेला. बराच वेळ तो पाठमोरा उभा राहिला. परशुराम त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही, पण भिवाने एका हाताने कागद धरून दुसरा हात भावाच्या मानेवर ठेवला होता, आणि तो तसाच राहिला.

नंतर सगळे पांगले. दोघे भाऊ नीलाच्या मशीनपाशी येऊन बसले. नीलाला वाटलं, आता हे दोघे घरी जातील.

"मामाची पन कारायला पायजे," भिवा म्हणाला.

"मामाची कशाला? मामाच्या होडीला तर डोलसुद्धा नव्हती."

"व्हती."

"नव्हती रे. वल्ह्याने चालायची."

"तू पोरगा व्हतास!"

"बाय," परशुराम नीलाला म्हणाले, "एक नवीन डिरेक्टरी कर गं. याला दाखवतोच."

"नाव काय देऊ?"

दोघांनी एकाच वेळी दोन वेगळी नावं सांगितली. नीलाने दोन डिरेक्टऱ्या केल्या, त्यांना पडद्यासमोर भांडत ठेवलं आणि चहा सांगायला बाहेर गेली.